मिसर देशातले घर



हेरोदाच्या भीतीने योसेफ बाळाला व मरियेला घेऊन रातोरात मिसर देशात गेला (मत्तय २:१४). तिथे त्यांनी किती दिवस काढले, शेजार कसा होता, हे मत्तय सांगत नाही. पोप बारावे पायस यांनी १९५२ साली ‘एक्सुल फामिलिया’ या पत्रात याच कुटुंबाला परदेशी राहणाऱ्या सर्व कुटुंबांचा आदर्श म्हटले.

ज्यांची मुले-सुना आखातात आहेत, त्यांनी हे मनावर घ्यावे. दुबईत संत मरियेचे चर्च १९६७ पासून आहे. तिथे मिस्सा मिळते, पण आजी मिळत नाही. आईवडील दोघेही कामावर, शाळा इंग्रजी. नातू फोनवर ‘हाय’ म्हणतो, आणि पुढे दोघांनाही शब्द सापडत नाहीत.

दुबईचे घड्याळ आपल्यामागे दीड तास. आपल्याकडे साडेआठ, तेव्हा तिथे सात. त्या वेळी फोन लावा. मार्क विचारू नका. बागेतली संत्री दाखवा, प्रभूची प्रार्थना मराठीत सावकाश म्हणा. नातू मागून म्हणेल. अडखळला तर हसू नका. (सुनेलाही बोल लावू नका, ती दमून आलेली असते.)

आणि ते परत वरूडलाच येतील, असा हट्ट नको. योसेफ मिसरातून परतला, पण अर्खेलावाच्या भीतीने यहूदियात न जाता नाझरेथास राहिला. बाळ तिथेच वाढले.

आजच्या मिस्सेत दूर असलेल्या आपल्या नातवंडांची नावे मनात घेऊन या.