वहीतली नावं

नारायणगावात गुढीपाडव्याच्या सुमारास तमाशाच्या राहुट्या लागतात. बाहेर फडाच्या नावाचा फलक, आत गादीवर मालक. गावोगावचे जत्रा कमिटीवाले या राहुटीतून त्या राहुटीत हिंडतात, घासाघीस करतात आणि इसार ठेवून जातात. चैत्र-वैशाखातल्या या सुपाऱ्यांवर फडाची वर्षभराची चूल चालते. कलावंतांनी मालकाकडून घेतलेली उचलही यातूनच फिटायची असते.

2020 साली पाडवा 25 मार्चला होता. त्याच दिवशी देशभर टाळेबंदी लागू झाली. राहुट्या ओस पडल्या, जत्रा रद्द झाल्या आणि फड ऐन हंगामात घरी बसले.

गोष्ट तिथून तासाभराच्या अंतरावरच्या एका वाडीतली. तिथं पिंट्या राहतो. वय तेव्हा बावीस, बापाची टोमॅटोची शेती. आजोबा, म्हणजे आबा, तीस-बत्तीस वर्षं फडात ढोलकीला होते. पिंट्याच्या बोटांत ढोलकी उतरली नाही, पण चेहऱ्यावर ती छान उतरली होती. ट्रॅक्टरच्या बोनेटवर बसून, लावणीच्या ठेक्यावर भुवया उडवत त्यानं टिकटॉकवर व्हिडिओ टाकायला सुरुवात केली, आणि दीड वर्षात त्याचे फॉलोअर झाले चार लाख बारा हजार. वाडीची लोकसंख्या नऊशे. हा हिशेब पिंट्याच्या आईनं एकदा करून पाहिला आणि घाबरून सोडून दिला.

मान मिळत नव्हता असं नाही. तालुक्याच्या गावी मोबाईलच्या दुकानाची फीत कापायला त्याला फेटा बांधून नेलं. मानधन म्हणून मिळाला एक ब्लूटूथ स्पीकर आणि मोबाईलची काच. कॉलेजची पोरं सेल्फीला यायची. क्रेट भरायच्या वेळी मात्र पिंट्या सापडायचा नाही, कारण सकाळचं ऊन व्हिडिओला चांगलं असतं. टोमॅटो तोडायलाही तेच ऊन बरं असतं, असं बाप म्हणायचा. पण बापाचे फॉलोअर शून्य.

एप्रिलच्या शेवटी आबांना फोन आला. त्यांच्या जुन्या फडातला सोंगाड्या बोलत होता. आयुष्यभर लोकांना हसवलेला माणूस, पण त्याला पुढचं वाक्य जमेना. वस्तीवर अकरा घरं होती, पीठ संपलं होतं आणि मालकाचाच हात आखडला होता.

पिंट्यानं हे ऐकलं आणि तो मनापासून हलला. त्याच्यावर हसायला बसलेल्यांनी हे ध्यानात ठेवावं, की पोरगं खोटं नव्हतं. त्यानं आबांना ढोलकी घेऊन ओट्यावर बसवलं आणि मागं उभं राहून हात जोडले. ‘माझ्या लाडक्या फॅमिली’ला हाक दिली, खाली पैसे पाठवायचा नंबर टाकला. रात्री उशापाशी फोन ठेवून तो झोपला तो उद्या बँकेतून फोन येईल या खात्रीनं.

सकाळपर्यंत साठ हजार लाइक आले. हात जोडलेली चित्रं, रडके चेहरे, ‘भावा, तू ग्रेट आहेस’. तीन दिवसांत लाइक लाखाच्या वर गेले. चौथ्या दिवशी त्यानं पैसे मोजले. चौदा जणांनी मिळून एक हजार नऊशे तीस रुपये पाठवले होते. त्यातले पाचशे मामाचे. एकानं अकरा रुपये टाकून देवाचं नाव घ्यायला सांगितलं होतं.

पिंट्या आबांच्या समोर जाऊन बसला. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “आबा, फॉलोअरमधले पन्नास हजार मी इकत घेतलेत. पुण्यातला एक जण देतो. नऊशे रुपयात.”

“माणसं?”

“माणसं हायती का नाय, तेच ठावं नाय.”

आबा ढोलकीच्या कड्या सरकवून चाट ताणत होते. त्यांना धक्काबिक्का काही बसला नाही. “आमच्याकडंबी होतं की. नवी बाई उभी राह्यली का मालक दोन पोरं पुढं बशिवायचा. शिट्ट्या मारायला, वन्समोअर वरडायला. बिडीकाडीचं पैसं द्यायचं त्यांना.” मग थोडं थांबून म्हणाले, “आन् खऱ्या शिट्ट्यांचं तरी काय झालं? विठाबाईंपुढं सारा महाराष्ट्र येडा झालाता. राष्ट्रपतींनी गौरव केला. म्हातारपणी दवापाण्याला पैसं नव्हतं.”

हे खरंच आहे. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर 2002 साली गेल्या. आज राज्य सरकारचा तमाशातला जीवनगौरव पुरस्कार त्यांच्या नावानं दिला जातो. ज्यांच्या पायांवर लोकांनी नोटा उधळल्या, त्यांची शेवटची वर्षं आजारपणात आणि ओढाताणीत गेली. तेव्हा टिकटॉक नव्हतं, त्यामुळे सगळं पाप त्या ॲपच्या माथी मारता येत नाही.

आबा उठले आणि फळीवरून एक लाल कापडी बांधणीची चोपडी काढली. पिंट्याला वाटलं, दौलतजादा कुणी किती दिला त्याचा हिशेब असणार. तसं काही नव्हतं. आत गावाचं नाव, माणसाचं नाव आणि पुढं एखादी ओळ. ‘पावसात ट्रक अडकला. दोन रात्री. पिठलं-भाकरी. म्हातारीनं घोंगडी दिली.’ ‘ताप होता. मास्तरांच्या ओट्यावर निजलो. पेज.’ ‘पोरीच्या लग्नाला उसने दिले, परत केले, घेईनात.’ अशी एकतीस नावं. मोबाईल आल्यावर जत्रेच्या निमित्तानं विचारून विचारून नंबर लिहिले होते, वेगळ्या शाईनं.

“आन् दौलतजादावाले?”

“त्यांची नावं कोन लिवतंय? रातीचा मानूस सकाळी वळख देत नाय.”

बटणांच्या फोनवरून आबांनी एकतीस नंबर लावले. दोन दिवस लागले. आठ जण वारले होते, त्यांची पोरं बोलली. नऊ नंबर लागलेच नाहीत. एका गावच्या माणसानं तर शिव्याच घातल्या, कारण कुठल्याशा साली फडानं इसार घेऊन दांडी मारली होती. आबांनी त्या मुकाट ऐकल्या, वर “बरोबर हाय तुमचं” म्हणाले. बाकीच्यांनी चौकशी केली, हळहळले, आपलंही कसं अवघड चाललंय ते सांगितलं. सहा जण म्हणाले, “टेम्पो पाठवा.”

भाजीच्या गाड्यांना तेव्हा पास होता. टोमॅटो मार्केटला टाकून पिकअप रिकामी परतायची, ती पिंट्यानं वाकडी वाट करून सहा गावांना नेली. तोंडाला मास्क, डोक्याला टॉवेल. चार लाखांचा हिरो, पण रस्त्यात कुत्रंसुद्धा ओळखेना. घोंगडीवाल्या म्हातारीच्या घरी तो पोचला. म्हातारी जाऊन बारा वर्षं झाली होती, सून साठीच्या पुढची. तिनं लांबूनच ताट सरकवलं. बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा.

“तू काय करतोस रं?”

“व्हिडिओ करतो.”

“लग्नाचं का?”

पिंट्या म्हणाला, “हो.” लगेच तिनं धाकट्या नातीच्या लग्नाचा भाव विचारून ठेवला. उठताना ताट धुवायला गेला तर तिनं धुवू दिलं नाही.

सहा गावांतून मिळून बाजरीची सात पोती, तांदळाची दोन, तेलाचा एक डबा आणि एका पाकिटात पाचशेच्या चार नोटा जमल्या. अकरा घरांना महिनाभर पुरलं, जेमतेम. त्याच्या पुढचा महिना कसा गेला ते त्या वस्तीलाच माहीत. वहीनं चमत्कार केला असं मी म्हणणार नाही.

29 जूनला, सोमवारी संध्याकाळी, सरकारनं 59 चिनी ॲपवर बंदी घातल्याची बातमी आली. टिकटॉक त्यात होतं. देशात ते वापरणारे वीस कोटींच्या आसपास असल्याचं तेव्हा सांगितलं जाई. पिंट्या त्यांतला एक. दुसऱ्या दिवशी ॲप उघडेना. ट्रॅक्टरचे, फेट्याचे, आबांच्या ओट्यावरचे सगळे व्हिडिओ पडद्यामागं गेले ते गेलेच. तो रात्रभर फोन चालू-बंद करत बसला. पहाटे आईला म्हणाला, “चार लाखातल्या एकाचं बी घर मला दावता यायचं न्हाय.” आई चुलीपुढं होती. तिनं विचारलं, “मग ते गेलं म्हंजी नक्की कोन गेलं?” तिला खरंच कळलं नव्हतं.

पंधरवड्याच्या आत इन्स्टाग्रामनं भारतात रील्स आणलं. पिंट्या तिथं गेला. इथं तो शहाणा होऊन शेतात रमला असं लिहिलं असतं तर गोष्ट गोड झाली असती, पण तसं झालं नाही. तो आजही रील करतो, फीत कापायला बोलावलं तर जातो, आणि आता स्पीकरऐवजी रोख मागतो. फॉलोअर दोन लाखांच्या घरात आहेत. या वेळी एकही विकत घेतलेला नाही, असं तो सांगतो. क्रेट भरायच्या दिवशी मात्र सकाळचं ऊन बापाचं, हे ठरून गेलंय.

मागच्या वर्षी आबा गेले. दहाव्याला सहा गावांतून माणसं आली. फोनवर शिव्या घालणाराही आला आणि जेवायच्या पंगतीत त्यानं इसाराची गोष्ट पुन्हा सांगितली.

लाल चोपडी फळीवर आहे. तीत आता चाळीस नावं आहेत. शेवटची नऊ पिंट्याच्या अक्षरात, आणि त्यातलं पहिलं घोंगडीवाल्या म्हातारीच्या सुनेचं. पुढं लिहिलंय, ‘भाकरी, चटणी, कांदा. नातीच्या लग्नाचं शूटिंग फुकट करायचं.’