रॅपची आवड आणि रॅपचा निवाडा

रॅप संगीताबद्दलचे मतभेद इतर गाण्यांबद्दलच्या मतभेदांहून तीव्र असतात. एकाच ध्वनिमुद्रिकेला एक श्रोता उत्तम काव्य म्हणतो, दुसरा तिला संगीत मानायलाच तयार नसतो. रॅपवर प्रेम करणाऱ्यांतही एकमत नाही. न्यू यॉर्कच्या शब्दप्रधान रॅपवर वाढलेल्याला अटलांटाचे ट्रॅप पोकळ वाटते आणि ट्रॅपवर वाढलेल्याला जुने रॅप रुक्ष वाटते. अशा वेळी दोन सोपी उत्तरे पुढे येतात. ज्याची त्याची आवड, वाद कशाला, हे पहिले. चांगले ते चांगलेच असते, ज्याला पटत नाही त्याला समजत नाही, हे दुसरे. पहिले खरे मानले तर रसिक आपसांत कारणे देत तासन्‌तास का भांडतात याचा उलगडा होत नाही. दुसरे खरे मानले तर कोणा एका पिढीचा किंवा वर्गाचा कान सर्वांवर लादला जातो. रुचीला काही प्रमाण असते का, हा सौंदर्यशास्त्रातला जुना प्रश्न आहे. रॅपच्या बाबतीत तो थेट न्यायालयापर्यंत गेला, म्हणून तो तिथे नीट तपासता येतो.

मतभेदांचे मूळ काही अंशी या कलेच्या घडणीतच आहे. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यू यॉर्कच्या ब्राँक्स भागात, १५२० सेजविक ॲव्हेन्यू या इमारतीत झालेली पार्टी हिप हॉपचा, म्हणजे रॅप ज्यातून आले त्या कलेचा, आरंभ मानली जाते. तिथे तबकड्या वाजवणारा जमैकात जन्मलेला डीजे कूल हर्क गाण्यातला केवळ तालवाद्यांचा तुकडा निवडून, एकाच गाण्याच्या दोन तबकड्यांच्या साह्याने तो लांबवत नेत असे, कारण नाचणारे त्याच तुकड्याची वाट पाहत. माइकवरचे बोलणे सुरुवातीला या नाचाला साथ देण्यापुरते होते. पुढे शब्दांना बळ आले. १९८२ च्या ‘द मेसेज’ने वस्तीतले जगणे विषय म्हणून आणले आणि १९८७ च्या ‘पेड इन फुल’मध्ये राकिमने ओळीच्या पोटात यमके पेरून, ठेक्याच्या किंचित पुढेमागे शब्द टाकून नवी कारागिरी दाखवली. त्याच सुमारास मायामीत मात्र ८०८ या ड्रम मशीनच्या खोल बासवर उभे राहिलेले, निव्वळ नाचासाठीचे रॅप फोफावत होते. म्हणजे शब्द आणि ठेका हे दोन दावेदार पहिल्यापासून एका घरात नांदत आले. कोणता श्रोता कोणाला घरधनी समजतो यावर त्याची बहुतेक मते ठरतात.

रुचीच्या प्रमाणाचा प्रश्न डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाने १७५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात नेमकेपणाने मांडला. सौंदर्य वस्तूत नसून पाहणाऱ्याच्या मनात असते हे त्याला मान्य होते. तरीही सर्व मते सारख्याच मोलाची असतात, हे त्याने नाकारले. खरा परीक्षक तो, ज्याची बुद्धी शाबूत आहे, संवेदना सूक्ष्म आहे, ज्याने त्या कलेचा सराव केला आहे, तुलना केली आहे आणि पूर्वग्रह बाजूला ठेवले आहेत. ‘डॉन किहोते’मधली एक गोष्ट तो आधाराला घेतो. दोन जाणकार पिंपातली वाइन चाखतात. एकाला तिच्यात चामड्याची चव लागते, दुसऱ्याला लोखंडाची. लोक दोघांनाही हसतात. पिंप रिकामे होते तेव्हा तळाशी चामड्याच्या वादीला बांधलेली लोखंडी किल्ली सापडते. राकिमच्या ओळीतली अंतर्गत यमके ही अशीच किल्ली आहे. ती ऐकू येवोत न येवोत, तिथे असतातच. आवडीच्या वादाचा हा भाग पुराव्याने सुटू शकतो आणि ‘ज्याची त्याची आवड’ म्हणणारे नेमके हेच विसरतात.

ह्यूमच्या पाच अटींची कसोटी फ्लॉरिडात लागली. मायामीच्या ‘टू लाइव्ह क्रू’ या गटाचा १९८९ चा ‘ॲज नॅस्टी ॲज दे वॉना बी’ हा आल्बम उघड लैंगिक शब्दांनी भरलेला होता. ६ जून १९९० रोजी फेडरल जिल्हा न्यायाधीश होझे गोन्झालेझ यांनी तो अश्लील ठरवला. अमेरिकी कायद्यात अश्लीलतेच्या तीन कसोट्या आहेत आणि कृती तिन्हींवर दोषी ठरली तरच ती अश्लील. त्यातली तिसरी कसोटी अशी की कृतीला गंभीर वाङ्मयीन, कलात्मक, राजकीय किंवा वैज्ञानिक मूल्य नसावे. न्यायाधीशांच्या मते या संगीताचे आवाहन बुद्धीला नसून देहाच्या वासनेला होते. निकालानंतर दोनच दिवसांनी फोर्ट लॉडरडेलमधल्या एका रेकॉर्ड दुकानदाराला आल्बम विकल्याबद्दल अटक झाली आणि पुढे तो दोषीही ठरला. त्याच आठवड्यात एका क्लबमधल्या कार्यक्रमानंतर गटाच्या सदस्यांनाही पकडण्यात आले.

ऑक्टोबरमध्ये सदस्यांवर चाललेल्या खटल्यात साहित्याचे प्राध्यापक हेन्री लुई गेट्स यांनी बचावाच्या बाजूने साक्ष दिली. आफ्रिकी-अमेरिकी मौखिक परंपरेतील शाब्दिक कुरघोडी आणि अतिशयोक्ती हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता आणि ‘द सिग्निफाइंग मंकी’ हा त्यांचा ग्रंथ १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला होता. कृष्णवर्णीय पुरुषाच्या लैंगिकतेबद्दल गोऱ्या समाजात रूढ असलेल्या चित्राची ही गाणी हास्यास्पद टोकाला नेऊन थट्टा करतात, तेव्हा शब्द अक्षरशः घेणे म्हणजे परंपराच न ओळखणे, असे त्यांचे म्हणणे होते. मराठी वाचकाला हे पटायला जड जाऊ नये. शिमग्यातल्या आरोळ्या सण वगळून कोणी कागदावर उतरवल्या, तर वाचणाऱ्याला त्या गावातले भांडण वाटतील. खटल्यात ज्यूरींनी न्यायाधीशांकडे हसण्याची परवानगी मागितली होती आणि ती मिळाली. शेवटी त्यांनी सदस्यांना निर्दोष सोडले. गोन्झालेझ यांचा निकालही १९९२ मध्ये अकराव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने फिरवला. आल्बम अश्लील असल्याचा दावा करणाऱ्या शेरीफच्या बाजूने ध्वनिफितीपलीकडे काहीच पुरावा आला नव्हता. कलात्मक मूल्य नाही हे न्यायाधीशाने फीत स्वतः ऐकून ठरवणे पुरेसे नाही, असे त्या न्यायालयाला वाटले. नुसता कान पुरत नाही, कान तयार असावा लागतो, हे ह्यूमचे म्हणणे इथे कायद्याच्या भाषेत आले.

पण जाणकार म्हणजे नक्की कोण? या ठिकाणी ह्यूमपेक्षा भरताचे नाट्यशास्त्र अधिक उपयोगी पडते. प्रयोगाबद्दल वाद झाला तर निर्णय देणाऱ्या प्राश्निकांची यादी भरताने दिली आहे. तीत यज्ञ जाणणारा आहे, छंद आणि व्याकरण जाणणारे आहेत, नर्तक, चित्रकार व गायक आहेत, धनुर्धर आहे, राजा आहे आणि वेश्याही आहे. प्रत्येकाने आपापल्या क्षेत्रापुरते बोलायचे. युद्धाचा पवित्रा धनुर्धराने तपासायचा, वृत्त छंदज्ञाने आणि शृंगाराचा उपचार वेश्येने. एकच आदर्श परीक्षक इथे गृहीत धरलेला नाही. शिवाय तरुणांना शृंगार, विरक्तांना मोक्षाची चर्चा आणि वृद्धांना पुराणकथा रुचतात, हेही भरत निःसंकोच नोंदवतो. रॅपला हीच व्यवस्था शोभते. यमकाचा निवाडा ज्याने दहा वर्षे यमके ऐकली त्याने करावा, पण मायामीचा बास यशस्वी झाला की नाही हे नाचणाऱ्याला विचारावे. गेट्स यांची साक्ष मोलाची ठरली ती याच कारणाने. ते आपल्या अभ्यासातल्या परंपरेबद्दल बोलले.

अभिनवगुप्ताने भरतावरच्या टीकेत रसास्वादाची सात विघ्ने सांगितली आहेत आणि त्यांतली तीन इथे लख्ख ओळखू येतात. समोर घडते ते संभवनीयच न वाटणे हे एक. रॅप हे संगीत असूच शकत नाही असे ठरवून बसलेल्या श्रोत्याची वाट तिथेच खुंटते. दुसरे, आपल्या किंवा परक्याच्या देशकालात अडकून राहणे. १९९५ च्या ऑगस्टमध्ये न्यू यॉर्कमधल्या सोर्स पुरस्कार सोहळ्यात अटलांटाच्या आउटकास्टला नव्या गटाचा पुरस्कार जाहीर होताच प्रेक्षकांनी त्यांची हुर्यो केली. तो रोष गाण्यापेक्षा गावावर होता. तिसरे, प्रतीतीच्या साधनांतच उणीव असणे. वस्तीची बोली, संदर्भ, कोणाचा ठेका कोणी उचलला आहे, हे ठाऊक नसले की अर्ध्याहून अधिक ओळी कोऱ्या जातात. ही विघ्ने दूर झाली की आवड निर्माण होईलच असे नाही, पण तोवर दिलेला निवाडा निवाडा नसतो.

अमेरिकी तत्त्वज्ञ केंडल वॉल्टन यांनी १९७० मध्ये या विचाराला आणखी धार दिली. कृतीत आपल्याला कोणते गुण दिसतात हे आपण तिला कोणत्या वर्गात ठेवून पाहतो यावर ठरते आणि काही वर्ग त्या कृतीसाठी योग्य असतात, तर काही अयोग्य. अस्पष्ट उच्चारांच्या रॅपला चिडवायला ‘मम्बल रॅप’ हे नाव पडले, ते अशाच वर्गघोटाळ्यातून. राकिमच्या मापाने या शैलीतल्या यंग थगला ऐकले तर शब्द गिळलेले वाटतात. आवाज हे वाद्य आहे आणि शब्द हे त्याचे स्वर आहेत असे धरून ऐकले तर तिथे विलक्षण नियंत्रण सापडते. याचा अर्थ प्रत्येक अस्पष्ट उच्चार ही कला आहे असा नव्हे. त्या शैलीतही भिकार गाणी पुष्कळ आहेत आणि त्या शैलीचे रसिकच ती सर्वांत आधी ओळखतात.

देह आणि बुद्धी यांत गोन्झालेझ यांनी ओढलेल्या रेषेमागे तत्त्वज्ञानाचा मोठा वारसा आहे. कांटने १७९० च्या ग्रंथात सुखद आणि सुंदर यांत भेद केला. वाइन मला आवडते म्हणताना कोणी इतरांची संमती मागत नाही, सुंदर म्हणताना मागतो. ती मागण्याचा हक्क पोचतो, कारण सौंदर्याच्या निवाड्यात आपला स्वार्थ वा वासना नसते. पहिला भाग अचूक आहे. रॅपवरच्या वादात दिसणारी कळकळ म्हणजे ही संमतीची मागणीच. दुसरा भाग मात्र अपुरा पडतो. तत्त्वज्ञ रिचर्ड शुस्टरमन यांनी १९९१ मध्ये रॅपवर लिहिताना दाखवले की देहाने घेतलेला आस्वादही विचारी असू शकतो आणि कलेपासून अंतर राखण्याची अट ही एका विशिष्ट परंपरेची सवय आहे. हजार माणसांचे पाय एका मात्रेवर पडावेत अशी रचना करणे सोपे नाही आणि तिची परीक्षा खुर्चीत बसून होत नाही.

रुचीत वर्गाचे हितसंबंध मिसळलेले असतात, हे फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बूर्द्यू यांनी १९७९ च्या ग्रंथात विस्ताराने मांडले. संस्थांच्या वागण्यातून ते दिसते. १९८९ मध्ये ग्रॅमीने रॅपला पहिल्यांदा पारितोषिक दिले तेव्हा ते दूरचित्रवाणीवर दाखवले नाही आणि नामांकितांपैकी काहींनी बहिष्कार टाकला. २०१८ मध्ये केंड्रिक लमारच्या ‘डॅम’ला संगीताचे पुलित्झर मिळाले, जे तोवर अभिजात आणि जॅझ रचनांपलीकडे गेले नव्हते. मधल्या काळात पुलित्झरयोग्य रॅप झालेच नाही असे म्हणणे अवघड आहे.

रॅपच्या श्रोत्यांत आणखी एक कसोटी चालते, ती खरेपणाची. दुसऱ्याने लिहिलेले शब्द म्हटल्याचा आरोप २०१५ मध्ये ड्रेकवर झाला तेव्हा त्याला कलंक मानले गेले. मराठी भावगीतात कवी, संगीतकार आणि गायक वेगळे असतात आणि त्यात कोणाला खोट दिसत नाही. मुंबईत डिव्हाइन आणि नेझी यांच्या २०१५ च्या ‘मेरे गली में’पासून गल्लीतले स्वतःचे जगणे स्वतः सांगणे हा रॅपचा मानबिंदू झाला. पुण्याच्या एमसी स्टॅनचे चाहते आणि टीकाकार दोघेही त्याला खरेपणाच्याच मापाने मोजतात, फक्त निष्कर्ष उलटे काढतात. खरेपणा हा कलेचा गुण की माणसाचा? रॅप ही प्रथमपुरुषी साक्षीची कला आहे, म्हणून तिथे तो काही प्रमाणात कलेचाही गुण ठरतो. तरी खऱ्या अनुभवाने यमक सुधारत नाही.

राहतो नीतीचा प्रश्न आणि तो रुचीच्या नावाखाली झाकता येत नाही. दुराचाराचे निषेधाविना केलेले चित्रण हा कृतीचाच दोष आहे आणि तिथे आपले मन साथ देत नाही, असे ह्यूम म्हणतो. टू लाइव्ह क्रूच्या बाबतीत या मुद्द्यावर सर्वांत सखोल विचार कायद्याच्या अभ्यासक किम्बर्ले क्रेनशॉ यांनी १९९१ मध्ये ‘बोस्टन रिव्ह्यू’त मांडला. गोऱ्या कलाकारांची तशीच गाणी सोडून याच गटावर खटला भरण्यात वर्णद्वेष होता, असे त्यांनी सांगितले. त्याचबरोबर गेट्स यांचा बचावही अपुरा ठरवला. परंपरा आणि विनोद मान्य केले तरी त्या विनोदात ज्यांच्या देहाची विटंबना होते त्या कृष्णवर्णीय स्त्रियांचा विचार दोन्ही बाजूंनी केला नव्हता. गाण्याची परंपरा समजल्याने त्याचा अर्थ कळतो, ते निर्दोष ठरत नाही. भरताच्या यादीच्या भाषेत सांगायचे, तर प्राश्निकांतली एक जागा रिकामी ठेवूनच निवाडा झाला होता. त्या जागेवरून रॅपमध्येच उत्तरे दिली जात होती. क्वीन लतिफाने १९९३ च्या ‘युनिटी’त स्त्रियांना उद्देशून वापरल्या जाणाऱ्या शिव्यांचा थेट जाब विचारला आणि १९९५ मध्ये त्या गाण्याला ग्रॅमी मिळाली.