चोखंदळ जीभ



सात प्रमुख पापांमध्ये खादाडपणाचे नाव निघाले, की लग्नाच्या जेवणात ताटावर तुटून पडणारा माणूस आपल्या डोळ्यांसमोर उभा राहतो. आपण बेताचे खातो, तेव्हा हे पाप आपल्या वाटेला येणार नाही, असे मीही समजत होतो. परंतु एका कप कॉफीच्या निमित्तानेही माणूस या पापात पडू शकतो. तेही ती कॉफी न पिता! गेल्या ऑक्टोबरात, रोझरीच्या महिन्यात, मला हे कळले.

मला घरी कॉफी भाजण्याचा छंद आहे. त्यासाठी मी चिकमंगळूरकडच्या कच्च्या बिया मागवतो. सतराव्या शतकात बाबा बुदन या सुफी संताने येमेनच्या मोखा बंदरातून सात बिया लपवून आणल्या आणि तिथल्या डोंगरात लावल्या, अशी आख्यायिका आहे. आपल्या चौल-रेवदंड्याच्या बंदरातूनही पूर्वी तांबड्या समुद्राकडे गलबते जात-येत असत.

कच्ची बी हिरवट, टणक असते. तिला कॉफीचा वास मुळीच नसतो. लोखंडी कढईत ती सतत हलवावी लागते. आधी गवतासारखा वास येतो, मग बी पिवळी पडते आणि भाजलेल्या पावासारखा घमघमाट सुटतो. उष्णता दोनशे अंशांच्या आसपास गेली, की बिया तडतडू लागतात आणि कोंडा उडतो. इथून पुढे लक्ष हटवून चालत नाही. दोन-तीन मिनिटे चुकली, तर हाती कोळसा येतो. लगेच सुपात ओतून पाखडायचे आणि वारा घालायचा. शंभर ग्रॅम बियांचे पंच्याऐंशी ग्रॅमच उरतात. भाजल्यावर एक-दोन दिवस थांबले, तर चव अधिक खुलते.

एवढा खटाटोप कशाला, असे घरचे विचारतात. आपल्या गावातील बायका उन्हाळ्यात वर्षाच्या मसाल्यासाठी मिरच्या भाजतात, ठसक्याने डोळे लाल करून घेतात. त्याला कोणी छंद म्हणत नाही. मग माझ्या खेळाला वेळ आणि पैसा घालवणे योग्य आहे का?

याचे उत्तर संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात दिले आहे. ते संत योहानाविषयी एक जुनी कथा सांगतात. योहान शिष्यांबरोबर खेळत असलेला पाहून काहींना ते खटकले. तेव्हा त्यांच्यातील धनुष्यधारी माणसाला योहानाने बाण सोडायला सांगितले. पुन्हा पुन्हा सोडायला लावले. मग विचारले, असे सतत करता येईल का? तो म्हणाला, धनुष्य मोडेल. माणसाच्या मनाचेही तसेच आहे, असे योहानाने समजावले. म्हणून योग्य मर्यादेत केलेला विरंगुळा संत थॉमस सद्‌गुणात धरतात. मी निश्चिंत झालो.

मग ऑक्टोबर आला. वाडीतील एका मावशींकडे रोझरी होती. प्रार्थना संपल्यावर उकडलेले चणे वाटले गेले. सर्वांना चहा आला आणि माझ्यापुढे मात्र कॉफीचा कप. दुकानातील पुडीची, भरपूर दूध-साखर घातलेली. मी हसत म्हणालो, “नको मावशी, असली कॉफी मी पीत नाही.” त्या काही न बोलता कप घेऊन आत गेल्या. परतताना त्यांच्या नातीने सांगितले, “काका, आजीने तुमच्यासाठीच पुडी आणली होती.”

त्या रात्री मला झोप लागली नाही.

संत ग्रेगरी महान यांच्या आधारे संत थॉमस यांनी खादाडपणाचे पाच प्रकार सांगितले आहेत: वेळेआधी खाणे, महागड्या पदार्थांचा हव्यास, अति खाणे, अधाशीपणे खाणे आणि पाचवा, अन्न अमुकच पद्धतीने केलेले हवे असा अति चोखंदळपणा. हा पाचवा प्रकार मी तोपर्यंत गुण समजत होतो. पोटाचा गुलाम सर्वांना दिसतो. जिभेचा गुलाम स्वतःला रसिक म्हणवून घेतो.

मग चांगली चव ओळखणे वाईट आहे का? नाही. काना गावच्या लग्नात भोजनप्रमुखाने उत्तम द्राक्षारस ओळखला, म्हणून प्रभूने तिथे काय दिले हे आपल्याला कळले. चव ओळखणारी जीभ देवाचीच देणगी आहे. पण ज्या प्रभूने इतरांना उत्तम द्राक्षारस पाजला, त्यानेच क्रुसावर तहानलेला असताना स्पंजातील आंब घेतली. आपले बहात्तर शिष्य पाठवतानाही, ज्या घरी जाल तिथे समोर वाढले जाईल ते खावे, असे त्याने बजावले होते. पाहुणचारात देणाऱ्याचे मन पदार्थापेक्षा मोठे असते.

छंद चांगला की वाईट हे कढईपाशी ठरत नाही, तर शेजाऱ्याच्या दारात ठरते. कॉफीची फळे उन्हातान्हात हाताने खुडणाऱ्या मजुरांची मला भाजताना आठवण होते का? माझ्या घरी आलेल्या माणसाला त्याच्या आवडीची साखर घालून मी आनंदाने कप देतो, की त्याला अडाणी ठरवतो? जे मला येते त्याने मी अधिक कृतज्ञ झालो, की अधिक अवघड? हे प्रश्न केवळ कॉफीचे नाहीत. कोणाची जीभ मासळीवरून, कोणाचा कान चर्चमधील गायनावरून, तर कोणाचा डोळा दुसऱ्याच्या कपड्यांवरून चोखंदळ झालेला असतो.

आठवड्याने मी मावशींकडे गेलो. भाजलेल्या कॉफीची पुडी खिशात होती, पण ती काढली नाही. तिथे ती पुन्हा माझीच शेखी ठरली असती. म्हणालो, “मावशी, त्या दिवशी चुकलो. कॉफी द्याल?” त्यांनी आधी गुडघेदुखीचे सांगितले, पावसाचे सांगितले, मग आधण ठेवले. कॉफी गोड होती, फारच गोड. मी कप रिकामा केला.

प्रभू आपल्याला चांगले ओळखणारी जीभ देवो आणि मिळेल ते प्रेमाने घेणारे मनही देवो.