अवधूतांचे गुरू आणि घरातला मोबाईल



गेल्या वर्षी दत्तजयंतीच्या आधी नेहमीप्रमाणे गुरुचरित्राचा सप्ताह बसला. वाचन आटोपून मंडळी ओसरीवर टेकली की विषय ठरलेला. कुणाची नात रात्री एक-एक वाजेपर्यंत जागी, कुणाचा नातू ताटावर बसून मान वर करीत नाही. भोर गावात तेच आणि वेल्ह्याकडच्या वाड्यावस्त्यांतही (आता राजगड तालुका म्हणायचे, पण तोंडात वेल्हेच येते) तेच.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि अभ्यास फोनवर आला. डोंगरातल्या पोरांना रेंजसाठी टेकाडावर जाऊन बसावे लागे, तेव्हा आपण त्यांचे कौतुकच केले. माझा नातू तेव्हा चौथीत होता. त्याच्या हातात पहिला फोन आला तो माझाच जुना, मीच दिलेला. आता तो नववीत आहे. शाळा सुरू झाल्या, पण फोन काही परत आला नाही.

श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात यदुराजाला अवधूत आपले चोवीस गुरू सांगतात. त्या अवधूतांना आपण दत्तप्रभूच मानतो. त्यांत पतंग आहे, तो रूपाला भुलून ज्योतीवर झेप घेतो. हरीण गाण्याला भुलून पारध्याच्या हाती सापडते. मासा जिभेपायी गळाला लागतो. एकेका विषयाने एकेक जीव गेला. या फोनमध्ये रूप आणि नाद एकाच काचेत भरलेले आहेत, आणि एक चित्र संपले की बोट लावायच्या आत दुसरे हजर, हा गळ निराळाच! चौदा-पंधरा वर्षांच्या पोराने त्यापुढे टिकावे ही अपेक्षा जरा जास्तच नाही का?

त्याच चोवीसांत बाण घडवणारा कारागीर आहे. शेजारून राजाची स्वारी वाजतगाजत गेली, पण त्याचे लक्ष बाणाच्या टोकावरून हलले नाही. अभ्यास म्हणजे हीच एकाग्रता. ‘असर’च्या २०२३ च्या अहवालात ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलांची पाहणी आहे. जवळजवळ ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आहे आणि तो त्यांना वापरता येतो. पण सुमारे चौथा हिस्सा मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा आपल्या भाषेत नीट वाचता येत नाही. हा दोष एकट्या फोनचा नाही, तो कोरोनाच्या आधीपासूनचाही आहे. पण हाताशी फोन असून वाचन येत नाही, हे मनाला लागते.

झोपेचे तर विचारूच नका. या वयात आठ ते दहा तास झोप हवी असे डॉक्टर सांगतात. रात्री डोळ्यांवर पडणारा पडद्याचा उजेड शरीराला झोपेची खूणच उशिरा देतो. मग सकाळी पोरगा पेंगत एसटीत चढतो.

हे सगळे मी एका संध्याकाळी नातवाला ऐकवले. शेवटी हिशोबही मांडला. जन्म बँकेत गेला, सवय जात नाही. रोज तीन तास म्हणजे वर्षाला १०९५ तास, म्हणजे रात्रंदिवस धरून पंचेचाळीस दिवसांवर. तो शांतपणे म्हणाला, “आबा, तुमचा फोन द्या.” सेटिंगमध्ये रोजच्या वापराची नोंद असते, हे मला ठाऊकच नव्हते. माझी त्या आठवड्याची सरासरी निघाली तीन तास दहा मिनिटे. सुप्रभातचे निरोप, दत्तमहाराजांचे फोटो इकडून तिकडे पाठवणे, आणि आरतीचे शूटिंग. “आरतीत तुम्ही हात कुठे जोडता? फोनच धरलेला असतो.” मी काय बोलणार? पारायणाला बसलेला मी, आणि पोथी त्याने वाचून दाखवली.

तेव्हा लक्षात आले. अवधूतांनी पतंगाला उपदेश केला नाही, माशाला दटावले नाही. त्यांच्याकडून स्वतः शिकले.

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. तिथे १४ ऑगस्ट २०२२ ला ग्रामसभेत ठरले आणि दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी सात वाजता भैरवनाथाच्या देवळावरचा भोंगा वाजू लागला. दीड तास घरोघरी टीव्ही आणि मोबाईल बंद, मुलांनी अभ्यासाला बसायचे. सुरुवातीला आशाताई, अंगणवाडीसेविका, निवृत्त शिक्षक दारोदार फिरून सांगत. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातल्या बांशी गावाने अठरा वर्षांखालच्यांना मोबाईलबंदी केली. हेतू दोन्हींचा चांगला, पण मला वडगावची रीत पटते. तिथे मालिका बघणाऱ्या आजीचा टीव्हीही बंद होतो.

आमच्या घरात भोंगा नाही. देवघरात सांजवात लागली की घरातले चारही फोन कोनाड्यात जातात, ते जेवणे होईपर्यंत. सगळ्यात आधी माझा ठेवायचा, ही नातवाची अट. रात्री मात्र त्याचा फोन अजून उशाशीच असतो, ते जमलेले नाही.

मागच्या गुरुवारी कोनाड्यातला एक फोन वाजू लागला, तो माझाच निघाला. नातू वहीवरून मान वर करून माझ्याकडे बघत राहिला. फोन वाजून वाजून बंद झाला. बँकेतल्या जुन्या सहकाऱ्याचा होता, सकाळी मी त्याला उलट लावला.