स्तुतीचा भाव

पैसे घेऊन केलेली स्तुती खोटी समजावी का, हा प्रश्न आपल्याकडे तसा नवा नाही. लग्नं जमवणारे मध्यस्थ हे काम पिढ्यान्‌पिढ्या करीत आले. मुलगा टकला असला तर ते त्याला ‘भव्य कपाळाचा’ म्हणत, बेकार असला तर ‘स्वतंत्र वृत्तीचा’ म्हणत आणि दिवसभर लोळत पडणारा असला तर ‘स्वभावानं अगदी शांत’ म्हणत. पण यात कुणाला फसवणूक वाटत नसे. मध्यस्थाचा शब्द रुपयाला सहा आणे धरायचा, हे वधूपक्षाला ठाऊक, वरपक्षाला ठाऊक आणि खुद्द मध्यस्थालाही ठाऊक!

भिंतीवर रंगवलेल्या जाहिरातीचंही तेच. अमुक मंजनानं दात मोत्यासारखे होतात, असं एस. टी. स्टँडच्या भिंतीनं सांगितलं म्हणून कुणी सोनाराकडे दात दाखवायला गेल्याचं ऐकिवात नाही. ती बिचारी भिंत आपण जाहिरात आहोत हे लपवीत नाही.

पण रस्ता विचारणं ही गोष्ट निराळी. परगावी गेल्यावर आपण पानाच्या ठेल्यावरच्या माणसाला विचारतो, “काय हो, इथं जेवण बरं कुठं मिळतं?” तो “त्या समोरच्या बोळात जा” म्हणतो आणि आपण मुकाट्यानं जातो. त्या बोळातली खानावळ त्याच्या मेव्हण्याची निघाली, तर मात्र भाजी चांगली असूनही ती घशाखाली उतरत नाही. का? तर आपण गरजेपोटी प्रश्न विचारला होता आणि त्यानं उत्तराच्या नावाखाली माल विकला.

इंटरनेटवरचं शोधयंत्र म्हणजे हा ठेल्यावरचा माणूस. गंमत अशी की, हा धोका गूगलच्या जन्मदात्यांनीही ओळखला होता. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या दोघा विद्यार्थ्यांनी १९९८ साली आपल्या गूगलवर एक निबंध लिहिला. जाहिरातींवर पोसलेलं शोधयंत्र शेवटी ग्राहकाकडे नव्हे, जाहिरातदाराकडे झुकणार, असं त्यात त्यांनी बजावलं होतं. त्याच वर्षी ‘गोटू डॉट कॉम’ नावाच्या दुसऱ्या एका यंत्रानं उत्तरांच्या यादीतल्या जागांचा चक्क लिलाव सुरू केला. आणि २००० साली गूगलनंही ‘अ‍ॅडवर्ड्‌स’ ही आपली जाहिरातींची पेढी उघडली. २००२ पासून तिथंही लिलाव आला. उपदेश हा बहुधा दुसऱ्यांसाठीच लिहिलेला असतो, याचा आणखी एक पुरावा!

आता आपण ‘गुडघेदुखीवर उपाय’ एवढे दोन शब्द टंकले की पापणी लवायच्या आत या शब्दांचा लिलाव होतो. तेलवाला बोली लावतो, पट्टेवाला बोली लावतो, शस्त्रक्रियावाला बोली लावतो. गुडघा माझा, दुखणं माझं, आणि लिलावाला बोलावणं मात्र मला सोडून सगळ्यांना! पुढं पंधरा दिवस मी क्रिकेटचा स्कोअर पाहायला गेलो तरी कोपऱ्यात तेच तेल उभं. वसुलीला आलेला पठाणसुद्धा इतका चिकट नसे.

न्यायानं बोलायचं तर या लिलावात नुसत्या पैशानं पहिला नंबर लागत नाही. जाहिरात विचारणाऱ्याच्या कामाची किती, हेही यंत्र बघतं. वर ‘प्रायोजित’ अशी पाटीही असते. आणि रत्नागिरीतल्या एखाद्या बाईंची फणसपोळी नागपूरच्या घरात जाते तीही याच वाटेनं. तेव्हा सरसकट शिव्या देण्यात अर्थ नाही.

खरी पंचाईत समाजमाध्यमांवर होते. तिथं जाहिरात भिंतीवर नसते, ती आपल्या ओळखीच्या चेहऱ्यावर असते. रोज आपल्याशी अघळपघळ बोलणारी एक हसरी मुलगी मध्येच म्हणते, “मी तर बाई हाच साबण वापरते!” आपल्याला वाटतं, शेजारीण सांगतेय. जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या ‘आस्की’ या संस्थेनं २०२१ साली नियम केला, की अशा वेळी ही जाहिरात आहे असं स्पष्ट लिहावं. जानेवारी २०२३ मध्ये सरकारनंही बजावलं, की पैसेच नव्हे, फुकट वस्तू किंवा सहल मिळाली असली तरी ती उघड सांगा. दिशाभूल केल्यास दंड दहा लाखांपर्यंत, पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत.

पण पाटी लावली म्हणजे प्रश्न सुटला का? मला तसं वाटत नाही. कारण नुकसान भलतीकडेच झालंय. आमच्या सांगलीच्या मावशींनी परवा जेवताना एका हळदीची तोंड भरून तारीफ केली. माझा कॉलेजातला भाचा पटकन म्हणाला, “मावशीआजी, तुम्हाला किती मिळतात याचे?” सगळे हसले. मावशी हसल्या नाहीत. त्यांनी आमटीची वाटी पुढं ओढली आणि हळदीबद्दल पुन्हा चकार शब्द काढला नाही.

विकतच्या स्तुतीनं आपल्या खिशातून चार पैसे जास्त गेले तर जाऊ देत. पण तिच्यामुळं फुकटच्या, मनापासूनच्या स्तुतीचाही भाव उतरला, हे नुकसान मोठं. ते कुठल्या ग्राहक आयोगात भरून मागायचं?

म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी असं देतो. पैसे घेतल्यानं स्तुती खोटी होत नाही. ती खोटी निघाली तर करणाऱ्याला तोंड लपवावं लागतं की नाही, हे बघावं. मध्यस्थाला त्याच गावात राहायचं होतं. मावशींची हळद भेसळीची निघाली असती तर पुढच्या दहा लग्नांत त्यांना ते ऐकावं लागलं असतं, आणि तरीही त्या बोलल्या. साबणवाल्या मुलीला पुढच्या आठवड्यात दुसरा साबण मिळतो, आणि शोधयंत्राला तर लपवायला तोंडच नाही.

मी आता हळद मावशी सांगतील तीच आणतो. कमिशन विचारीत नाही. त्यांचं कमिशन मला ठाऊक आहे : पुढच्या भेटीत “काय, सांगितलं होतं की नाही?” असं विचारण्याचा हक्क. इतका महाग मोबदला कुठल्याही कंपनीला परवडणार नाही.