आधी गाऱ्हाणे, मग आरती

ज्ञानोबा माउलींची पालखी तळावर पोहोचली, की दिंड्या तिच्याभोवती उभ्या राहतात. चोपदार चोप उंच करतात आणि एवढा मोठा समाज शांत होतो. एखाद्या दिंडीचे टाळ मात्र वाजतच राहिले, तर समजावे की त्यांचे काही गाऱ्हाणे आहे. चोपदार तिथे जाऊन ऐकून घेतात, मग टाळ थांबतात आणि समाजआरती होते. आरतीआधी गाऱ्हाणे का, हे आम्हाला फार उशिरा उमगले.

न्यायसूत्रांत वाद, जल्प, वितंडा असे भेद आहेत. तत्त्व कळावे म्हणून बोलणे तो वाद, जिंकण्यासाठी बोलणे तो जल्प. पाठशाळेत हे घोकले खरे. पण पन्हाळीच्या पाण्यावरून शेजाऱ्याशी बोलणे निघाले तेव्हा आम्ही जल्पच केला! चार वचने फेकली, बिचारा गप्प झाला. आम्हांस वाटले, मिटले. दोन वर्षे दारासमोर दार, पण तो आमच्या कीर्तनाला फिरकला नाही.

शेवटी एका एकादशीला त्याच्या ओट्यावर जाऊन बसलो. म्हटले, "अण्णा, त्या दिवशी तुमचं ऐकायचंच राहिलं." तो पुष्कळ वेळ बोलला. आमच्या पाण्याने त्याची भिंत ओली राही, आणि त्याच भिंतीशी त्याची आजारी आई निजत असे. पन्हाळ दुसऱ्याच दिवशी वळवली. म्हातारी आदल्या माघातच गेली होती.

आता आळीत दशमीच्या रात्री भजनाआधी सारे घटकाभर बसतो. ज्याचे जे असेल ते त्याने बोलावे. कधी भजनाला उशीर होतो, काहींना ते रुचत नाही. अण्णा मात्र सर्वांआधी येऊन सतरंजी घालतात.