न आलेल्यांची मोजणी

एका प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाबाच्या 100 रुग्णांची नोंद आहे असं समजा. गेल्या तीन महिन्यांत त्यांतले 60 जण तपासणीला आले आणि 45 जणांचा दाब 140/90च्या खाली भरला. आलेल्यांचा हिशेब केला तर यश 75 टक्के, नोंदलेल्यांचा केला तर 45. दोन्ही गणितं बरोबर आहेत. पण पहिल्या गणितात 40 माणसं कागदावरून नाहीशी होतात. मधुमेह, रक्तदाब, दमा अशा जन्मभर सोबत करणाऱ्या आजारांत सेवेचा दर्जा मोजायचा, तर सुरुवात या चाळिसांपासून करायला हवी.

अवेदिस डोनाबेदियन यांनी 1966 साली आरोग्यसेवेकडे तीन बाजूंनी पाहायला शिकवलं: हाताशी साधनं काय आहेत, प्रत्यक्षात काय केलं जातं आणि त्यातून रुग्णाचं काय होतं. अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेला ही चौकट चटकन लागू पडते. रक्तदाबाचा रुग्ण मात्र महिन्यातून काही मिनिटं डॉक्टरांसमोर असतो. उरलेला महिना गोळी घेणं, मीठ कमी करणं, पुन्हा केंद्रावर येणं हे सगळं त्याच्यावर सोपवलेलं असतं. तो येतच नसेल, तर उपचार चालू आहेत असं कशाच्या आधारावर म्हणायचं?

ब्रिटनमध्ये 2004 साली कुटुंबवैद्यांच्या कमाईचा मोठा हिस्सा दर्जाशी बांधला गेला. 146 निकष, 1050 गुण, आणि गुण तसा पैसा. मधुमेह आणि दम्याच्या उपचारांत सुधारणेचा वेग काही काळ वाढला, मग ठरलेली पातळी गाठल्यावर मंदावला. त्याच काळात नेहमीच्याच डॉक्टरांकडे जाता येण्याचं प्रमाण घसरलं. या योजनेतली एक तरतूद मला फार महत्त्वाची वाटते. तीनदा बोलावूनही न आलेला रुग्ण हिशेबातून वगळण्याची डॉक्टरांना मुभा होती. अशा सवलतींमागे माणुसकीचा विचारही होता, कारण मरणपंथाला लागलेल्या म्हाताऱ्यावर गुणांसाठी औषधं लादली जाऊ नयेत. पण ज्याला सेवेची सगळ्यात जास्त गरज, तोही त्याच दारातून बाहेर जाऊ शकतो. स्कॉटलंडने ही सगळी योजनाच 2016 साली सोडून दिली.

आपल्याकडे 2017च्या अखेरीस भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू झाला. पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातले सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे होते. रक्तदाबावरचं नियंत्रण मोजण्याची त्याची व्याख्या मला मनापासून पटते. तीन महिन्यांत न आलेला रुग्ण तिथे छेदातच राहतो आणि त्याची वेगळी नोंद होते. मात्र वर्षभर फिरकला नाही की तो उपचाराखालच्या यादीतून निघून संपर्क तुटलेल्यांत जमा होतो. व्यवहार म्हणून हे समजण्यासारखं आहे. फक्त नियंत्रणाचा टक्का सांगताना ही दुसरी यादी शेजारी मांडली पाहिजे.

पण नुसती यादी पुरेशी नाही, कारण न येण्यामागे एकच गोष्ट नसते. बीडचा ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन परजिल्ह्यातल्या फडात जातो आणि त्याचं कार्ड गावच्या केंद्रात राहतं. कुणाला मागच्या खेपेला गोळ्याच मिळालेल्या नसतात, मग मजुरी बुडवून पुन्हा हेलपाटा कोण घालणार? कुणी म्हणतं, ‘आता बरं वाटतंय, कशाला उगाच गोळ्या?’ पहिल्याला निघतानाच चार महिन्यांची औषधं किंवा फडाजवळच्या केंद्रात नोंद हवी, दुसऱ्याला नीट साठा, तिसऱ्याला शांतपणे समजावणारं माणूस. टक्केवारीत हे तिघं सारखेच दिसतात. म्हणून आशाताईंनी घरी जाऊन विचारलेलं कारणही नोंदवहीत यायला हवं. दर्जाचं मोजमाप म्हणून मी त्याला रक्तदाबाच्या आकड्याच्या बरोबरीने बसवीन.

केंद्राच्या फलकावर ‘वर्षभर न आलेले’ हा आकडा ठळक लिहावा. तो वाढला म्हणून कुणाची वेतनवाढ मात्र रोखू नये, नाहीतर पुढच्या वर्षी तोही दडपला जाईल. तिथे आधी औषधांचा साठा, फोनचा खर्च आणि गावात फिरायला आणखी एक माणूस द्यावा.